सुभेदाराची शिस्त

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
सकाळी ११.४०. पिल्लू घरी आणलं. मुहूर्त साधला.

दौलताबादच्या पुढं सोमनाथ नावाचा माणूस जर्मन शेफर्ड पाळतो. सहा पिल्लं होती. तो म्हणाला, काका, अजून महिनाभर आईपाशी राहू द्या, भावंडांत खेळू द्या, दोन महिन्यांच्या आत मी कुणाला देत नाही. मी म्हणालो, साडेतीन मुहूर्तांतला एक सोडू? तो म्हणाला, कुत्र्याला कसला आलाय मुहूर्त. मी तासभर बोललो. शेवटी त्याला पटलं. म्हणाला, न्या, पण जा आता.

वय तीस दिवस. बाकीची पाच ओरडत होती. हे गप्प. नेतृत्वाचं लक्षण.

नाव सुभेदार.

कारण लिहून ठेवतो. संस्कृती, माझी नात, सहा वर्षांची, पुण्याला असते. दोन वर्षांत इकडं आलेली नाही. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, आजोबा, तुमच्याकडं कुत्रा असेल तर मी प्रत्येक सुट्टीत येईन. शब्द दिलाय तिनं.

ती येत नाही ते जावयामुळं. सत्यमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी टेप घेऊन गेलो होतो. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली, टेप खिशात असतोच. लोक जेवत होते तोवर हॉल, दोन बेडरूम, बाल्कनी मोजली. एकतीस चौरस फूट कमी भरलं. पंगतीत उभं राहून सांगितलं, म्हणजे सगळ्यांना एकदम कळावं. माझं माप चुकत नाही. सत्यमनं आभार मानले नाहीत. तेव्हापासून बोलत नाही. माणसाला खरं सोसत नाही.

संकल्प: पिल्लाला मी स्वतः शिकवणार. दुसऱ्या कुत्र्याचा वारा लागू देणार नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
सुभेदार चावतो. सौ.चा अंगठा, पदर, पुन्हा अंगठा. ती म्हणाली, अहो, सुया टोचल्यासारखं होतंय, अन् ओरडलं तरी सोडत नाही. मी म्हणालो, तेज आहे. ती म्हणाली, तेज तुम्ही धरा, मला पोळ्या करायच्यात.

धरलं. टिंक्चर लावलं.

५ ऑक्टोबर, रविवार.
हॉलमध्ये खडूनं हद्द आखली. आठ फूट बाय सहा. कोपरे काटकोनात. आयुष्यभर लोकांच्या हद्दी ठरवल्या, एका पिल्लाची काय कथा.

दुपारपर्यंत त्यानं उत्तरेची हद्द चाटून टाकली. कॅल्शियम कमी असावं.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
तळमजल्यावर भागूबाई राहतात. वय सत्तर, हातात कायम भाकरीच्या तुकड्यांची पिशवी. रस्त्यावरच्या एका कुत्रीला घालतात. तिला बेगम म्हणतात. काळी, पोक्त, एका कानाचं टोक कापलेलं. मारामारीत गेलं असणार. यावरून स्वभाव कळतो.

बेगम पार्किंगमध्ये झोपते. मी माझ्या गाडीच्या जागेभोवती पांढरी रेषा मारली आहे. ती रेषेच्या बाहेर, रेषेला पाठ लावून झोपते. एक इंचही आत नाही. हा मुद्दाम केलेला उद्धटपणा आहे.

सुभेदाराला कडेवर घेऊन जिना उतरलो. बेगमनं मान वर केली. मी लगेच परत वर आलो.

भागूबाई खालून म्हणाल्या, काकासाहेब, लेकराला जमिनीवर तरी टेकू द्या, किती दिवस कडेवर घिऊन हिंडणार? सातबाराशिवाय मी कुणाशी बोलत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
लसीसाठी डॉक्टर प्रेरणा यांच्याकडं. वय तीसच्या आत. सुभेदारानं त्यांचा हातमोजा फाडला. त्यांनी विचारलं, किती दिवसांचा असताना आणलात? मी तीस सांगितलं. त्यांनी दुसरा हातमोजा घातला.

म्हणाल्या, पिल्लं एकमेकांशी खेळताना चावतात. एखादं जोरात चावलं की दुसरं किंचाळतं, पाठ फिरवतं, खेळ बंद. आईसुद्धा उठून जाते. असं पन्नास वेळा झालं की पिल्लाला कळतं, किती चावलं तर चालतं. ह्याला ते कळायच्या आत तुम्ही उचललंत. लस पूर्ण झाली की एखाद्या शांत, मोठ्या कुत्र्यासोबत रोज सोडा.

मी म्हणालो, मॅडम, मी चौतीस वर्षं माणसं हाताळली आहेत. त्या म्हणाल्या, अच्छा.

पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर.

१९ ऑक्टोबर, रविवार.
विचार केला. किंचाळायचंच असेल तर कुत्रं कशाला हवं, मी किंचाळू शकतो.

सकाळी ८.१५ला पार्किंगमध्ये खाली बसलो. सुभेदारानं मनगट धरलं. मी पूर्ण ताकदीनं कँय केलं. त्याला मजा वाटली, त्यानं दुसरं मनगट धरलं. मी पुन्हा केलं. असं सात वेळा. आठव्या वेळी वर पाहिलं तर चारही मजल्यांच्या बाल्कन्या भरलेल्या.

वॉचमन मुंजाबा धावत आला. म्हणाला, सायेब, कुठं दुखतंय? झटका बिटका आला काय? मी म्हणालो, प्रशिक्षण चालू आहे. तो म्हणाला, कुणाचं?

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. खाली बत्तीस हसरे चेहरे. फ्लॅट बारा आहेत. म्हणजे काहींनी दोनदा हसून घेतलं. कोणी ते शोधून काढीन.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
सत्यमची बहीण बिडकीनला दिली आहे. भाऊबीज करून परत जाताना ते इकडून गेले. सत्यमनं गाडी गेटबाहेर थांबवली. उतरला नाही. माझी मुलगी तनुजा आणि संस्कृती वर आल्या.

संस्कृतीनं येताना सुभेदारासाठी लाल चेंडू आणला होता. मी तिला म्हणालो, बघ, हा हद्द सोडत नाही.

पाचव्या मिनिटाला त्यानं तिचा हात धरला. ती रडली, त्यानं सोडला नाही. मी ओरडलो, सोडला नाही. सौ.नं जबडा उघडला. रक्त आलं. चार ठिकाणी.

इंजेक्शन द्यायला सत्यमच घेऊन गेला. तिकडून फोन, आम्ही परस्पर पुण्याला निघतोय.

संध्याकाळी तनुजाचा पुन्हा फोन. म्हणाली, बाबा, नाताळच्या सुट्टीत यायचं ठरवलं होतं, पण हे असंच राहिलं तर आम्ही येणार नाही, ह्या वर्षी नाही अन् पुढंही नाही. त्याला कळतच नाही समोरच्याला लागतंय म्हणून. मी म्हणालो, लहान आहे. ती म्हणाली, मोठं झाल्यावर तरी कुठं कळतं.

हे कुणाबद्दल म्हणाली, विचारायचं राहिलं.

चेंडू सुभेदारानं फोडला. साठ दिवस आहेत हातात. एकसष्ट.

२६ ऑक्टोबर, रविवार.
मुंजाबानं न विचारता सल्ला दिला. तो पाचोडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. म्हणाला, सायेब, आमच्याकडं नवं पिल्लू म्हाताऱ्या कुत्रीच्या हवाली करत्यात. माणूस हात लावत नाय. तीच दाबती, तीच गुरकावती, तीच सोडून जाती. दोन महिन्यांत पिल्लू मेंढराच्या कोकराला जिभेनं चाटतंय. तुमचा सुभ्या बेगमपाशी सोडा, लई गुणाची हाय ती.

मी म्हणालो, सुभ्या नाही, सुभेदार. आणि त्याच्याकडं कागद आहेत. आजोबा बक्षीस मिळवलेला होता. तो म्हणाला, असंल की. पण आज्यानं ह्याला काय सांगितलं नाय ना.

वॉचमन बदलण्याचा विषय मीटिंगमध्ये घ्यावा.

२ नोव्हेंबर, रविवार.
सोसायटीची मीटिंग. मी दोन ठराव मांडले. वॉचमन बदलणे. बेगम हटवणे.

पहिल्याला अनुमोदक मिळाला नाही. दुसऱ्यावर मतदान. विरोधात अकरा, बाजूनं एक. भागूबाईंनी विचारलं, ते एक कुणाचं म्हणायचं? सगळे हसले. फ्लॅटतर्फे सौ. हात वर करणार होती, मी वेळीच स्वतःचा केला, नाहीतर बारा झाले असते.

भागूबाई पुढं म्हणाल्या, माझ्या खर्चानं ऑपरेशन केलंय तिचं, सुया टोचल्यात, कान बघा की, ऑपरेशन झालेल्या कुत्रीचा कान कापत्यात खुणेसाठी. हे मला माहीत होतंच.

लोकशाहीत बहुमत चुकतं.

९ नोव्हेंबर, रविवार.
दुसरी लस झाली. (डॉक्टर प्रेरणा यांच्याकडंच. दुसरा डॉक्टर लांब पडतो.) खानदानी कुत्र्यांशी ओळख करून देण्याचं ठरवलं. विद्यापीठाच्या रस्त्याला सकाळी चांगल्या घरची कुत्री फिरतात.

एक प्राध्यापक, त्यांचा लॅब्राडॉर. सुभेदार समोरून सरळ त्याच्या तोंडावर गेला. लॅब्राडॉरनं मान वळवली. हा पुन्हा तोंडावर. तो गुरकावला. हा त्याच्या कानाला लटकला. मग जे व्हायचं ते झालं.

प्राध्यापक म्हणाले, तुमच्या कुत्र्याला नमस्कार कसा करायचा तेवढं आधी शिकवा. मी म्हणालो, तुमचा कुत्रा रस्त्याच्या मधोमध उभा होता, नियमानं डावीकडं पाहिजे. शिवाय त्याचं वजन जास्त आहे. शिवाय तुमचंही. वादात मी जिंकलो. ते निघून गेले.

बाकीचेही निघून गेले. रस्ता मोकळा मिळाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
गुलमंडीवरून शिट्टी आणली. पितळी, पीटीच्या मास्तरांची असते तशी. एक शिट्टी थांब. दोन बस. तीन सोड. चार घरी चल. पाच राखीव.

दिवसभरात दोनशेच्या वर वाजवली. सुभेदार एकदा थांबला. समोर पाल होती.

शेजारच्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. थंडी सुरू झाली आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
नोंद घेण्यासारखी गोष्ट. संध्याकाळी सुभेदारानं माझं बोट तोंडात धरलं, मी शिट्टी वाजवण्याआधीच सोडलं. ओरखडा होता, रक्त नाही.

शिट्टीचा परिणाम दिसू लागला.

सौ. हल्ली दुपारी दोन ते चार भजनी मंडळात जाते. जाताना सुभेदाराला खाली फिरवून आणते म्हणाली. मी झोपलेला असतो. हरकत घेतली नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
प्रगती. आठवडाभर रक्त नाही. दुपारनंतर सुभेदार दमलेला असतो, पाय पसरून झोपतो. बौद्धिक श्रमानं असं होतं.

पुस्तिका लिहायला घेतली. नाव: काकासाहेब पद्धत. पहिलं वाक्य झालं. ‘पिल्लाचा खरा गुरू माणूसच.’ त्यावर सुभेदार बसला होता, कागद दमट आहे. अंगाला भाकरीचा वास येतो. आपल्याकडं पोळ्या होतात. हवेतून येत असावा.

३० नोव्हेंबर, रविवार.
सुभेदाराच्या नाकावर बारीक ओरखडा. सौ. म्हणाली, झुडपाचा असेल.

आणखी एक. कुणी समोर आलं की तो आता सरळ अंगावर जात नाही. वळसा घेतो, अंग चोरतो, खाली बसतो, दुसरीकडं बघतो. मग हळूच जवळ. हे मी शिकवलेल्या कोणत्या शिट्टीत बसतं ते शोधतोय. बहुधा दोन आणि तीनच्या मधली.

खाली गेलो तर बेगमनं त्याला पाहून शेपूट हलवली. ओळख असल्यासारखी. ह्या जातीची कुत्री सगळ्यांशी लगट करतात. मी दगड उचलला. सुभेदार माझ्या आणि तिच्या मधे उभा राहिला. माझं रक्षण करण्यासाठी.

४ डिसेंबर, गुरुवार.
तनुजाला व्हिडिओ कॉल. सुभेदाराच्या तोंडात स्वतःचा हात देऊन दाखवला. एक, दोन, दहापर्यंत मोजलं. दात लागलेच नाहीत. संस्कृती पडद्यात तोंड घालून म्हणाली, आजोबा, मला असंच करता येईल? मी म्हणालो, काकासाहेब पद्धत आहे बेटा.

तनुजा म्हणाली, पंचवीसला येतो. आईनं ह्यांनाही फोन केला होता, हे पण येतील, बघू.

सत्यम येणार. मोजणीचा कागद अजून माझ्याकडं आहे. शोधून ठेवावा.

७ डिसेंबर, रविवार.
एकच काम उरलं. नात येणार त्या वेळी पार्किंगमध्ये रस्त्यावरची कुत्री नको. जे सोसायटीला मतदानानं जमलं नाही ते एकट्याला करावं लागणार.

कडुबाचा छोटा टेम्पो आहे, तो माल घेऊन पाचोडच्या बाजाराला जातो. त्याला विचारलं, एक कुत्री नेशील? तो म्हणाला, किती लांब सोडू? मी म्हणालो, परत येता येणार नाही इतकं. तो म्हणाला, कुणाची हाय? मी म्हणालो, कुणाचीच नाही.

८ डिसेंबर, सोमवार.
पहाटे पाचच्या सुमारास मुंजाबा चहाला गेला तेव्हा काम झालं. बिस्किटं टाकली, ती आपणहून टेम्पोत चढली. विश्वास टाकते लवकर. हेच म्हणतो मी, स्वभावाला शिस्त नाही.

टेम्पो वळेपर्यंत माझ्याकडं बघत होती. मी गाडीची रेषा तपासत होतो.

दिवसभर भागूबाई पिशवी घेऊन कंपाउंडच्या चारही कोपऱ्यांत हिंडल्या. बेगम, बेगम. नाव तरी बरं ठेवायचं.

१० डिसेंबर, बुधवार.
सुभेदार दुपारी दोनला दारापाशी बसला तो संध्याकाळपर्यंत. जेवला नाही. शिट्टी वाजवली तर तोंड फिरवलं.

सौ. भजनाला गेली नाही. मंडळ बंद पडलं का विचारलं. तिनंही तोंड फिरवलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
सुभेदार चावला. मला. रक्त. मग सोफ्याला, मग शिट्टीला. शिट्टी आता वाजत नाही, फुस्स करते.

तेरा दिवस उरले.

१३ डिसेंबर, शनिवार.
सकाळी ७.३०. सौ. पाच दिवसांनी बोलली. एकदाच बोलली, पण सलग.

भजनी मंडळ असं काही नाही. महिनाभर ती रोज दोन वाजता सुभेदाराला पार्किंगमध्ये बेगमपाशी सोडत होती. भागूबाई आणि मुंजाबा राखायला असत. पहिल्या दिवशी बेगमनं त्याला उलटा पाडून वर पाय ठेवला. चावला की गुरकावायची, तरी ऐकलं नाही की उठून भिंतीपाशी जाऊन पाठ करून बसायची. हा एकटा पडायचा, रडायचा, मग अंग चोरून जवळ जायचा. ती पुन्हा खेळायला घ्यायची. असं रोज. नाकावरचा ओरखडा तिचाच. तो माझ्याशी नीट वागू लागला तो तिच्यामुळंच.

मी म्हणालो, म्हणजे माझ्या प्रयोगात तू हस्तक्षेप केलास. निष्कर्ष दूषित झाले.

ती म्हणाली, अहो, तुमच्या मुलीनं येऊ नये असं वाटतं का तुम्हाला? ते सांगा फक्त. कुत्री कुठं सोडली ते सांगा.

तिला कसं कळलं? म्हणाली, कडुबाला तुम्ही पावती मागितली होती, ती शर्टाच्या खिशात होती.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

१३ डिसेंबर, संध्याकाळ.
विचार केला. मी चुकलो असं नाही. पण पंचवीस तारीख आहे.

भागूबाईंना समोर जाऊन सांगणं योग्य नाही. त्यांचा आवाज मोठा आहे. कडुबाला जागा विचारून घेतली, चिठ्ठी लिहिली. ‘आपली कुत्री पाचोड येथील बाजारतळाच्या मागे, लिंबाच्या झाडाजवळ असण्याची शक्यता आहे. एक हितचिंतक.’ त्या तळाची मोजणी मीच केली होती, १९९८ साली. म्हणून सोबत नकाशा जोडला. प्रमाण दिलं, उत्तर दिशा बाणानं दाखवली, झाडाचं रस्त्यापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहिलं.

साडेसहाला दाराखालून सरकवली. कुणी पाहिलं नाही. अक्षर मुद्दाम तिरपं काढलं होतं.

१५ डिसेंबर, सोमवार.
बेगम आली. काल भागूबाई आणि मुंजाबा पहिल्या एसटीनं गेले होते. जीप करून आणली.

दुपारी भागूबाई वर आल्या. पहिल्यांदाच. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्या हितचिंतकाला सांगा काकासाहेब, नकाशा लई बेस होता, झाडापासून चार फुटांवर सापडली. सहा दिवस तिथंच बसून होती म्हणे, ज्या जागी उतरवलं त्या जागी. चहावाला म्हणला, येणारा प्रत्येक टेम्पो उठून बघायची. त्याला म्हणावं, पोटाला लेकरू हाय ना तुझ्या?

मी म्हणालो, भेटला तर सांगतो.

चार फूट. माप बरोबर होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
सोसायटीत कुणी बोलत नाही. भांडतही नाही. मी लिफ्टमध्ये शिरलो की बाकीचे जिन्यानं जातात. नोटीस बोर्डावर तीन तक्रारी लावल्या, कुणी फाडल्यासुद्धा नाहीत. मुंजाबा गेट उघडतो, पण दुसरीकडं बघून. ग्रुपवर लिहिलं, पाण्याची टाकी वाहतेय. टाकी बंद झाली. उत्तर नाही.

सौ. दोन वाजता सुभेदाराला घेऊन खाली जाते. आता सांगून जाते.

बाल्कनीतून पाहिलं. सुभेदार जोरात चावला, बेगम उठून गेली, भिंतीकडं तोंड करून बसली. तो जागच्या जागी उभा. बराच वेळ.

मी आत आलो. डोळ्यात धूळ गेली होती.

२४ डिसेंबर, बुधवार.
उद्याची तयारी. पार्किंगची रेषा नव्यानं मारली. नवा टेप. मोजणीचा कागद सापडला, लॅमिनेट करून घेतला. सत्यमला शांतपणे समजावून सांगायचं. तो ऐकेल. यावेळी पंगत नाही, म्हणजे अडचण नाही.

पुस्तिकेचं पहिलं वाक्य खोडलं. दुसरं सुचलेलं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार. रात्री नऊ.
अकराला आले. सत्यम गाडी आत घेऊन आला. उतरला. दोन वर्षांनी.

कुणी वर आलंच नाही. सौ.नं पार्किंगमध्ये सतरंजी टाकली होती. भागूबाई, तनुजा, मुंजाबा खुर्चीवर. संस्कृतीनं सुभेदाराच्या तोंडात बोटं घातली. त्यानं धरली, चघळल्यासारखी केली, सोडली. ती हसली. तिच्या हातावर जुने चार ठिपके अजून दिसतात. मुंजाबा तिला बेगमचं सगळं समजावून सांगत होता, ती मान हलवत होती.

मी टेप घेऊन खाली गेलो. सत्यमच्या गाडीचं पुढचं चाक माझ्या रेषेच्या आत नऊ इंच. सांगितलं. विषय निघालाच म्हणून एकतीस चौरस फुटांचंही सांगितलं. कागद दाखवला.

सत्यमनं खिशातून गाडीची किल्ली काढली. तनुजा उठून चपला शोधू लागली. सौ. सतरंजीकडं बघत राहिली.

तेवढ्यात संस्कृती किंचाळली, कँय. मला वाटलं सुभेदार चावला. तो तर लांब होता. ती माझ्याकडं बघून किंचाळली होती. मग वळली आणि माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून मांडी घालून बसली. बेगम जाऊन तिच्या शेजारी बसली. मग सुभेदार.

मी म्हणालो, मी काय केलं? तीच भिंतीकडं बघत म्हणाली, आजोबा, आता उभं नाही राहायचं. खाली बसायचं अन् दुसरीकडं बघायचं. मुंजाबाआजोबा म्हणाले.

मुंजाबा म्हणाला, म्या कुत्र्याचं सांगितलं होतं, बाई.

बसलो. गुडघा वाजला. ड्रेनेजच्या पाइपकडं पाहिलं. चार इंची. मोजला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, गेटवरच्या घड्याळाकडं बघायचं तर त्यांच्याकडं बघावं लागलं असतं.

मग हाताला ओलं लागलं. सुभेदारानं मनगट तोंडात धरलं होतं. दात लागत होते. दुखत नव्हतं.

हे मी शिकवलेलं नाही.

सत्यमनं किल्ली सतरंजीवर ठेवली. सौ.ला म्हणाला, आई, चहा होईल का? मला काही म्हणाला नाही. गेलाही नाही. ते उद्या दुपारपर्यंत आहेत. चाक तिथंच आहे.

मला उठता येईना. ह्या सोसायटीत कुणाला हाक मारता येईल याचा विचार केला. यादी होईना. शेवटी मुंजाबाकडं हात केला. त्यानं आधी भागूबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, दे बाबा, दिवसभर काय हितंच ठेवायचंय का. मग त्यानं ओढलं.

वर आल्यावर लक्षात आलं, टेप खाली राहिला. जाऊन पाहिलं. सुभेदारानं चावून टाकलाय. सहा फुटांपर्यंत शाबूत आहे. त्यापुढचं आता काही मोजता येणार नाही.